ढीग विंचरण्याचा अर्धा तास

मी डूख धरणारी बाई आहे. शाळेत ज्या मुलीने माझी कंपासपेटी खिडकीतून टाकली होती, तिच्या लग्नाची पत्रिका वीस वर्षांनी घरी आली, तेव्हा मी ती वाचली, घडी घातली आणि रद्दीत ठेवली. नवरा म्हणतो, तुझ्याशी भांडण परवडतं, पण ते मिटवणं परवडत नाही. त्याचं खोटं नाही. पण आयुष्यात एकाच माणसाचं उट्टं मी ठरवून, महिनोन् महिने वाट बघून काढलं. त्याबद्दल आजही मला त्या माणसाची कणव येत नाही.

पनवेलच्या बाहेर, डोंगर पोखरलेल्या एका दगडखाणीवर मी अकरा वर्षं नोकरी केली. कामोठ्याहून रिक्षाने निघायचं, पुलाखाली खाणीची जीप पकडायची आणि सातच्या आत पत्र्याच्या केबिनमध्ये हजर व्हायचं. ते दिवस बांधकामांचे होते. करंजाड्याला इमारती उठत होत्या, विमानतळाच्या नुसत्या गप्पा चालल्या होत्या आणि खडी कितीही काढली तरी पुरत नव्हती. डोंगर फोडायचा, दगड क्रशरमध्ये घालायचा आणि निघालेल्या मालाचे वेगवेगळे ढीग लावायचे: जाड खडी, बारीक खडी आणि शेवटी पिठासारखी भुकटी, जिला सगळे डस्ट म्हणत. माझं काम होतं ते या ढिगांचं. उद्या कुठला ढीग उचलायचा, त्यावर माल भरणारा कुठला लोडर लावायचा, उकरणारा पोकलेन किती वाजता कुठे पाठवायचा, डंपर कोणत्या क्रमाने भरायचे, हे आदल्या संध्याकाळी एका कागदावर हाताने लिहून मी दाराबाहेर लावायची. त्याला तक्ता म्हणायचे. माझं अक्षर टपोरं आहे, ड्रायव्हर लोक लांबूनही वाचायचे. "ताईच्या तक्त्यात हाय ना, मंग झाला," असं म्हणून मशीनवर चढायचे. मला त्याचा गर्व होता.

हे काम मला शिकवलं एका लोडर ऑपरेटरने. पनवेलचेच, कोकणी मुसलमान, आखातात बारा वर्षं मशीन चालवून परत आलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायची. डिप्लोमा घेऊन आलेली मी पहिल्या आठवड्यात ढिगाकडे नुसतं आकारमान म्हणून बघत होते. चाचांनी मला ढिगापाशी उभं केलं. "ताई, खडी शहाणी असते. खालून काढली की वरची आपोआप घरंगळते. ही डस्ट मात्र मक्कार. पावसाचं पाणी प्यायली की भिंतीसारखी उभी राहते. खालून कितीही खा, हलणार नाही. तुम्हाला वाटतं, मजबूत हाय. अन् मग एकदम अंगावर."

म्हणून पावसानंतरच्या दिवसांत डस्टच्या ढिगाला लोडर लावण्याआधी पोकलेन वर चढवायचा. त्याने लांब हाताने कडा खाली ओढायची, उभी भिंत तिरकी करायची, आणि मगच लोडरने खालून माल उचलायचा. याला अर्धा तास लागायचा. चाचा त्याला ढीग विंचरणं म्हणायचे. त्यांच्या तोंडून तो शब्द सगळ्या खाणीचा झाला होता. माझ्या तक्त्यात सात ते साडेसात, डस्टचा ढीग, विंचरणे, असं लिहिलेलं असायचं.

मग साहेब आले. खाणीच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, पुण्याकडच्या एका कारखान्यातून मॅनेजर म्हणून आणले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात लाल पेन आणि जिभेवर कायम आयडल टाइम. मशीन उभं दिसलं की त्यांच्या पोटात दुखायचं. गणपती होऊन गेले होते, पाऊस ओसरत होता, गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले होते. एका संध्याकाळी त्यांनी माझा तक्ता टेबलावरून उचलला.

"मॅडम, हा अर्धा तास कशाचा?"

"ढीग विंचरायचा, सर."

ते इतके हसले की वजनकाट्यावरचे लोक आत डोकावले. "मग वेणी पण घाला ना त्याला. गजरा माळा." आणि लाल पेनाने ती ओळ खोडली. पोकलेन खाली खाणीत पाठवायला सांगितला. मी समजावून सांगायला लागले, तर हात वर करून म्हणाले, "तुम्ही लिहायचं काम करा, डोकं चालवायला मी आहे." मी नवीन तक्ता लिहिला. अक्षर नेहमीसारखंच टपोरं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा तक्ता वाचून माझ्याकडे आले. "ताई, विंचरणं राहिलं काय?" मी रागात होते, साहेबांवरचा राग माझ्या आवाजात होता. "राहिलं नाही, काढलंय. साहेबांचा हुकूम आहे. जा तुम्ही." "तुम्ही लिहिलंय ना? मग जातो," म्हणाले आणि गेले.

दुसरी की तिसरी बकेट भरताना भिंत कोसळली. मी केबिनमध्ये होते. आवाज मोठा झालाच नाही, पोतं टाकल्यासारखा आला. धावत गेले तर लोडरची केबिन डस्टमध्ये बुडालेली आणि वजनकाट्यावरून धावत आलेले ड्रायव्हर फावड्यांनी, हातांनी उपसत होते. चाचा जिवंत निघाले. हात मोडला होता आणि डोक्याला मार लागला होता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांना आदल्या दिवसापर्यंतचं सगळं आठवत होतं, पण ती सकाळ पार पुसली गेली होती.

दुपारी शेठ यायच्या आत साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. माझा तक्ता त्यांच्या हातात होता. "हा परत लिहा. अर्धा तास घाला. पोकलेन सात ते साडेसात डस्टवर." मी म्हटलं, पोकलेन तिथे नव्हता. म्हणाले, "पोकलेनवाल्याशी मी बोललोय. तो माझा माणूस आहे. मॅडम, कागदावर अक्षर तुमचं आहे, सही तुमची आहे. पोलीस आले तर मी कोणाचं नाव सांगायचं?"

मी परत लिहिला. त्यांनी जुना माझ्यासमोर फाडला. शेठनी नवा वाचला आणि त्यातून एकच गोष्ट निघत होती: तक्त्यात विंचरणं होतं, चाचा थांबले नाहीत, घाई केली. सकाळचा तक्ता बाकीच्यांनीही पाहिला होता, पण प्रत्येकाने त्यातली फक्त आपली ओळ वाचली होती. चाचांना कामावरून काढलं. आमच्या पट्ट्यातले खाणवाले एकमेकांना ओळखतात, सोयरिकी आहेत त्यांच्यात. घाई करणारा ऑपरेटर अशी एकदा आवई उठली की दुसरा कोणी मशीनची चावी हातात देत नाही.

दीडेक महिन्याने चाचा आले. हात गळ्यात अडकवलेला. माझ्या टेबलासमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "ताई, एकच विचारायचंय. त्या दिवशी पोकलेन आला होता काय? मला तर आठवतच नाय. शेठनी तक्ता दाखवला, त्यात हाय. तुमचं अक्षर हाय. म्हणजे मीच घाई केली काय?"

साहेबांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. आतून पेनाची टिकटिक ऐकू येत होती.

"थांबा चाचा," मी हळू आवाजात म्हटलं. "वेळ आली की सगळं सांगते."

ते मान हलवून गेले. घर त्यांचं पनवेलातच होतं, जायचं म्हटलं असतं तर रिक्षाने वीस मिनिटं. मी गेले नाही. भीती वाटत होती, हे उघड आहे. पण भीती वाटते असं स्वतःला सांगायची मला लाज वाटली आणि मी ठरवलं की मी सूड घेणार आहे, आणि सूडाला योग्य वेळ लागते. हे ठरवल्यावर मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढे कितीतरी महिने चाचांचा प्रश्न मला आठवलाच नाही, आठवायचा तो फक्त गजरा.

सुरुवात बारीकसारीक गोष्टींनी केली. साहेबांची केबिन वाऱ्याच्या तोंडावर होती. दुपारी खाडीकडून वारा सुटायचा. मी बारीक मालाचं काम नेमकं त्यांच्या जेवणाच्या वेळेला त्या बाजूच्या ढिगावर लावायला लागले. डबा उघडला की पोळीवर भुकटी. त्यांनी जेवणाची वेळ बदलली, मी तक्ता बदलला. त्यांची नवी पांढरी गाडी जिथे लागायची, तिथूनच रिकाम्या डंपरांचा परतीचा रस्ता काढला. गाडी धुवायला ठेवलेला माणूस रोज दोनदा धुवायचा आणि रोज संध्याकाळी ती डोंगरातून उकरून काढल्यासारखी दिसायची. त्यांना कधी कळलं नाही. तक्ता कोण वाचतो? तो तर फक्त लिहायचं काम करणाऱ्या बाईचा कागद. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगायची आणि आम्ही दोघं हसायचो. चाचांबद्दल मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

पण पोळीवरच्या भुकटीने माझं पोट भरणार नव्हतं. मला तो माणूस गेलेला बघायचा होता.

अपघातानंतरचा दुसरा मे लागला तेव्हा संधी चालत आली. खाणीचं वर्षाचं मोठं काम मे महिन्यात असतं. पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं, क्रशर बंद राहतो. चार महिने विकायचा तो साठवलेला माल. त्यातला बराचसा खालच्या आवारात, नाल्याकाठी पडलेला असायचा. पाऊस लागायच्या आत तो सगळा उचलून वरच्या टेपाडावर न्यावा लागे, नाहीतर नाला आवारात शिरतो. दरवर्षी ते नियोजन मी करायची. त्या वर्षी साहेब म्हणाले, मी करतो. कॉम्प्युटरवर रंगीत तक्ता काढला. दोन लोडर, सगळे डंपर, एकही दिवस रिकामा नाही. मोठे ढीग शेवटच्या आठवड्यात. आणि तो तक्ता शेठसमोर ठेवून छाती ठोकून म्हणाले, एकतीस तारखेला खालचं आवार झाडून देतो.

मी तो तक्ता वाचला आणि मनात गुदगुल्या झाल्या. शेवटच्या आठवड्यात हळदी होत्या.

आमचे बहुतेक सगळे ड्रायव्हर शेजारच्या दोन आगरी गावांतले, एकाच भावकीतले. मे महिन्यात त्यांच्याकडे लग्नं, आणि लग्नाहून मोठी हळद. सगळा गाव रात्रभर नाचतो. दुसऱ्या दिवशी कोणी कामावर येत नाही, आणि येणार नाही हे कोणी सांगतही नाही, कारण ते सांगायची गोष्टच नाही. पत्रिका दिली म्हणजे सांगितलं. मार्चपासून पत्रिका माझ्या टेबलावर यायच्या, कोपऱ्यांना हळद लावलेल्या, आणि त्या बघूनच मी मे महिन्याचा तक्ता लिहायची. मोठे ढीग आधी संपवायचे आणि हळदींचे दिवस मोकळे सोडायचे. साहेबांच्या टेबलावरही सगळ्या पत्रिका पोचल्या होत्या. न उघडता त्यांनी त्या केराच्या टोपलीत टाकलेल्या मी पाहिल्या होत्या. त्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवसांत चार हळदी होत्या. त्यातली एक शेठच्या सख्ख्या पुतणीची; त्या गडबडीत शेठनी साहेबांच्या तक्त्यातली शेवटची तारीख तेवढी ऐकली होती.

"मॅडम," साहेबांनी विचारलं, "काही अडचण दिसतेय का यात?"

"नाही, सर," मी म्हटलं. "छान झालाय. रंग पण छान आहेत."

तो आठवडा मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी तीन ड्रायव्हर आले. दुसऱ्या दिवशी एक आला, तोही डोळे लाल, आणि डंपरच्या सावलीत झोपून राहिला. लोडरचे दोघेही ऑपरेटर एका नवऱ्या मुलाचे मामा होते. साहेब फोनवर फोन लावत होते. पलीकडून हळदीतला बेंजो वाजताना ऐकू यायचा आणि फोन कट व्हायचा. शेठचा फोन बंद. तिसऱ्या दिवशी कळंबोलीहून बाहेरचे डंपर मागवायचा प्रयत्न केला. तिथे सगळे दुसऱ्या कामांवर गेलेले, आणि आले असते तरी भरायला लोडर चालवणार कोण? साहेब एकटेच खालच्या आवारात ढिगांच्या मधोमध उभे होते, शर्टाची इस्त्री मोडलेली. मी खिडकीत बसून डबा खात होते. त्या दिवशीची भेंडीची भाजी मला जितकी गोड लागली तितकी पुन्हा कधी लागली नाही.

जूनच्या पहिल्या दोन दिवसांतच पाऊस कोसळला आणि नाला आवारात शिरला. डस्ट वाहून गेली, खडी चिखलात कालवली गेली. चार महिन्यांच्या विक्रीचा निम्मा माल गाळ झाला.

शेठ आले ते थेट माझ्याकडे. हातावरची हळद अजून पुरती गेली नव्हती. साहेब मागे उभे.

"काय गो, तुला माईत नव्हता हलदी हायेत त्या?"

"होतं, शेठ."

"मंग बोलली का नाय?"

या प्रश्नाचं उत्तर मी पावणेदोन वर्षं घोकलं होतं. "मागच्या वेळी बोलले होते, शेठ. डस्टच्या ढिगाचं. साहेबांनी ती ओळ खोडली आणि ढीग चाचांच्या अंगावर आला. मग साहेबांनी माझ्याकडून तक्ता परत लिहून घेतला आणि तो तुम्हाला दाखवला. त्यानंतर मी बोलायचं सोडून दिलं."

साहेब म्हणाले, खोटं आहे. शेठनी पोकलेनवाल्याला बोलावलं. तो दारातच रडकुंडीला आला आणि सगळं कबूल करून मोकळा झाला. साहेबांनी त्या दुपारी टेबलाचे खण रिकामे केले. मी त्यांना गाडीपर्यंत जाताना बघितलं, आणि तेवढ्यासाठी रिकाम्या डंपरांच्या दोन खेपा त्या रस्त्याने पाठवल्या. ते अंगावर उडालेला चिखल पुसत उभे राहिले. मला अतिशय आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

जाताना शेठ म्हणाले, "चाचाला बोलावून आण. सोमवारपासून लोडर त्याचा. आमी चुकलो, सांग त्याला."

दुसऱ्या दिवशी मी जांभळांची पिशवी घेऊन पनवेलच्या बाजारात गेले. चाचा मेव्हण्याच्या काचसामानाच्या दुकानात बसत होते. चष्मा लागला होता. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी धापा टाकत सगळं सांगितलं: गजरा, लाल पेन, फाडलेला कागद, हळदी, नाला, पोकलेनवाल्याचं रडणं. वाटत होतं, ते हसतील.

मी थांबले तेव्हा चाचा म्हणाले, "म्हणजे पोकलेन नव्हता आला."

"नव्हता, चाचा. तुम्ही मला विचारलंसुद्धा होतं त्या सकाळी, विंचरणं राहिलं काय म्हणून. घाई तुम्ही केलीच नाही."

"मी विचारलं होतं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. तो सदऱ्याला पुसला. "घरात सगळे म्हणायचे, एवढी घाई कशाला केली. बीवी पण म्हणायची. पहिल्यांदा मी भांडायचो. मग म्हटलं, ताईंचं अक्षर हाय, खोटं कसं असेल? मीच घाई केली असेल. रोज झोपताना तेच. तीस वर्षं मशीन चालवून अशी घाई माझ्याकडून झाली कशी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला हे सगळं त्याच दिवशी माहीत होतं."

"मी योग्य वेळेची वाट बघत होते, चाचा. त्याला सोडणार नव्हते मी."

"त्याचं काय घेऊन बसलात? तो मला ओळखत पण नव्हता."

चहा आला. मी तो हातात धरून बसले. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हटलं, "शेठनी माफी मागितलीय. सोमवारपासून लोडर तुमचा. हात बरा आहे ना? चालवाल ना?"

"हात बरा हाय. मशीनवर बसायला आज पण तयार हाय मी." मग विचारलं, "तक्ता कोण लिहिणार?"

"मीच," मी म्हणाले.

"मग नको, ताई," चाचा म्हणाले, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला कपबश्या दाखवायला उठले.